आत्याची दहा मिनिटं अट्ठेचाळीस सेकंद

आत्याच्या दादाला घरातली कुठलीच गोष्ट नुसती होऊ द्यायची सवय नव्हती. दूध उतू गेलं की तो आधी किती वेळ गॅसवर होतं ते विचारायचा आणि मग फडकं शोधायचा. नळ ठिबकायला लागला तर दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजायचा, आणि उत्तर नेहमी दशांश चिन्हाच्या पुढे दोन घरं. तो भौतिकशास्त्राचा शिक्षक. शाळेतली मुलं पाठीमागे त्याला दशांश सर म्हणायची. हे त्याला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

अशा माणसाच्या घरात राहून गुपित ठेवायचं धाडस कोणी करू नये. आत्यानं ते केलं होतं.

वहिनी गेली तेव्हा दादाची पोरगी चार वर्षांची होती. आत्या बॅग घेऊन आली ती राहिलीच. पोरगी आता पंधराची झाली. एका जागी कधी ठरत नाही म्हणून घरात तिचं नाव भिंगरी. आत्या दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची, काड्या सरळ करायची, लोकांची नाकं मोजायची. संध्याकाळी कालव्याच्या कडेनं फिरायला जायची. त्या फिरण्यातच सगळी भानगड होती.

भानगडीचं नाव पूर्णांक सर. ते दादाच्याच शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्या प्रत्येक गणिताचं उत्तर बारा, चाळीस, सहाशे असं गुळगुळीत यायचं. उत्तर नीट आलं की मुलाला धीर येतो, असं त्यांचं म्हणणं. एके काळी त्यांची आणि दादाची अशी जोडी होती की एकाला ताप आला तर दुसऱ्याला शिंका यायच्या. मग एका वार्षिक परीक्षेत दोघांनी मिळून पेपर काढला. सापेक्ष वेगाचं गणित दादाचं होतं. समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या, आणि उत्तर चौदा पूर्णांक त्रेसष्ट. छापायला जाताना पूर्णांक सरांनी हळूच एका गाडीचा वेग बदलला आणि उत्तर पंधरा करून टाकलं. दादाला हे कळलं भर परीक्षेच्या वर्गात, मुलांसमोर.

"माझ्या गाडीचा वेग बदलणारा तू कोण?" एवढं तो म्हणाला. त्यानंतर त्यांच्यात एक शब्द नाही. गंमत अशी की दोघांचा घरी यायचा रस्ता एकच. शाळा सुटली की हे या फूटपाथवरून आणि ते त्या फूटपाथवरून, नाकासमोर बघत, अगदी सारख्या चालीनं यायचे. मागे पडणं म्हणजे हार, आणि पुढे जाणं म्हणजे घाबरून पळणं. त्यामुळे वर्षानुवर्षं दोघं बरोबरीनं चालत होते. गॅलरीतून बघणाऱ्याला वाटावं, केवढी दोस्ती आहे!

हे सर मागच्या वर्षी स्वतःच्या चष्म्यावर बसले आणि दुकानात आले. पुढच्या महिन्यात पुन्हा बसले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा आत्या म्हणाली, "अहो, चष्मा डोळ्यांवर असतो हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?" सर कानापर्यंत लाल झाले. त्यानंतर ते चष्म्यावर बसायचे थांबले आणि कालव्यावरच्या छोट्या पुलापाशी बसायला लागले. आत्या तिथं थांबायची. आता सरांनी सरळ विचारलं होतं, "माझ्या घरी याल का, कायमच्या? रविवारपर्यंत सांगा."

आत्याला 'हो' म्हणायचं होतं. अगदी ओठांवर होतं. पण हो म्हणायचं म्हणजे दादाला सांगायचं, आणि दादानं पाठ फिरवली तर? भिंगरीचं काय? दोन्हीपैकी एक घर निवडायची वेळ तिला येऊच द्यायची नव्हती. म्हणून तिनं काहीच न सांगता दिवस ढकलायचं ठरवलं होतं. तेवढ्यात भिंगरीनं घात केला.

बुधवारी जेवताना ती वही घेऊन बसली. "बाबा, सरावाला गणित दिलंय. सापेक्ष वेग. पुस्तकातलं नको, रोजच्या आयुष्यातलं हवं. मी आत्याला घेतलं."

"वा!" दादाचा घास हातातच राहिला. "सांग, सांग."

"पोहण्याच्या तलावापासून आपल्या फाटकापर्यंत कालव्याचा रस्ता तीन हजार मीटर. शंभर-शंभर मीटरवर दगड आहेत, मी मोजले. तलावाचा भोंगा वाजला की मी तिकडून सायकलवर निघते आणि आत्या इकडून चालत निघते. माझा वेग मिनिटाला दोनशे मीटर. आत्याचा ऐंशी, मी बाजारात तिच्यामागे चालून मोजलाय."

"माझ्यामागे?" आत्या म्हणाली.

"समोरासमोरून येतोय म्हणून बेरीज. दोनशे ऐंशी. तीन हजार भागिले दोनशे ऐंशी, म्हणजे दहा पूर्णांक एकाहत्तर मिनिटांनी आम्ही भेटायला पाहिजे."

"दहा पूर्णांक एकाहत्तर!" दादानं डोळे मिटले. एखाद्याला आंबट लोणचं चाटल्यावर येते तशी गोड शिरशिरी त्याला आली. "याला म्हणतात जिवंत उत्तर. भोंग्याच्या आवाजाला तिकडून इकडे यायला आठ पूर्णांक आठ सेकंद लागतात, ते धरलंस का?"

"ते राहू दे, बाबा. अडचण वेगळीच आहे. त्या हिशोबानं आत्या मला आठशे सत्तावन्न मीटरवर भेटायला हवी. पण ती रोज भेटते पुलापाशी. पूल फाटकापासून दोनशे चाळीस मीटरवर. रोज! म्हणजे मी तिथं पोचते तेव्हा तेरा पूर्णांक आठ मिनिटं झालेली असतात, आणि आत्याला तिथं पोचायला लागतात फक्त तीन." भिंगरीनं पेन खाली ठेवलं. "आत्याची दहा मिनिटं अट्ठेचाळीस सेकंद रोज कुठंतरी जातात."

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. पुलापाशी कुठं जातात ती मिनिटं, हे तिला चांगलं माहीत होतं. बाकावर. आणि सायकल लांबून दिसली की सर आपली लाल छत्री उचलून घाईघाईनं पूल ओलांडून पलीकडे जायचे आणि पाण्याची पातळी तपासत असल्यासारखे वाकून उभे राहायचे. सायकल गेली की परत यायचे.

"उशिरा निघत असेन," ती म्हणाली.

"छे! भोंगा झाला की तू चप्पल घालतेस. मी रोज बघतो," दादा म्हणाला. "मग काय, सतरा पूर्णांक एकोणचाळीसच्या वेगानं चालतेस? गोगलगाय आहेस का?"

"गुडघा दुखतो," आत्याच्या तोंडून निघून गेलं. "पुलापाशी बसते जरा. चोळते."

दादाचा चेहरा एकदम मऊ झाला, आणि त्यानं आत्याला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "गुडघा दुखतो आणि सांगितलं नाहीस? मग आता मी येत जाईन रोज तुझ्यासोबत."

"नको!" आत्या इतक्या जोरात म्हणाली की भिंगरीनं पाण्याचा पेला धरला. "म्हणजे, सावकाश चाललं तर दुखत नाही. बसावंही लागत नाही."

"ठीक. उद्या मोजू. उद्या तू न थांबता सावकाश चालायचंस, भिंगरी तिकडून येईल, दोघींकडे घड्याळ. भेटाल ती जागा आणि वेळ तुझ्या वेगाच्या गणिताशी जुळली तर तुझं खरं. नाही जुळली तर परवापासून मी तुझ्याबरोबर, काठी घेऊन."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत आत्यानं सरांना दुकानात बोलावून घेतलं. चष्म्याची काडी ढिली झाल्याचं निमित्त. मालक मागच्या खोलीत डबा खात होता.

"तुमच्यामुळे मला गुडघा झालाय," ती कुजबुजली आणि सगळी हकिकत सांगितली. "आता दुखरा गुडघा किती वेगानं चालतो ते सांगा. आणि नीट समजावून सांगा, कारण दादा उलटतपासणी घेणार. मला भौतिकशास्त्र येत नाही. शाळेत असताना दादाच शिकवायचा आणि दर पाच मिनिटांनी कपाळावर हात मारून घ्यायचा."

सरांचे डोळे चमकले. मनासारखं गणित तयार करायची संधी कुठल्या गणिताच्या शिक्षकाला नको असते? त्यांनी काउंटरवरून चष्म्याची दोन घरं उचलली. लाल घर एका टोकाला ठेवलं आणि काळं दुसऱ्या.

"हे लाल म्हणजे तुम्ही. काळं म्हणजे सायकल. आता तुम्ही स्थिर आहात असं समजा."

"तुमच्यासमोर?"

सर खोकले. "गणितापुरतं समजा. तुमच्या जागी उभं राहून बघायचं. तुम्ही स्थिर, सगळा रस्ताच तुमच्या पायाखालून मागे सरकतोय. मग ती पोरगी कशी येताना दिसेल? स्वतःचा वेग अधिक तुमचा वेग. सगळं अंतर तीच कापतेय असं वाटेल. म्हणजे झालंच की!"

आत्या लाल घराकडे बघत राहिली. मग तिनं काळं घर बोटानं हळूहळू सरकवत आणलं. टक्. एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला. दादानं वर्षभर ओरडून जे डोक्यात गेलं नव्हतं ते दोन चष्म्याच्या घरांनी गेलं. "आणि एकाच दिशेला चालत असतो तर वजाबाकी!"

"अगदी बरोबर," सर म्हणाले. त्यांना तिचा इतका अभिमान वाटला की मालक बाहेर येतोय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. आत्यानं पटकन त्यांच्या नाकावर चष्मा ठेवला. "काडी ठीक बसली का बघा," ती मोठ्यानं म्हणाली. जाताना सरांनी सांगितलं, मिनिटाला पन्नास. दर दोन मिनिटांनी एक दगड. बाकी सगळं आपोआप जुळेल.

मिनिटाला पन्नास मीटर चालणं म्हणजे काय, हे ज्याला कधी चालावं लागलं नाही त्याला कळायचं नाही. आत्याला मुळात घाईची सवय. संध्याकाळी भोंगा झाला आणि ती घड्याळाकडे बघत, एकेक पाऊल विकत घेतल्यासारखं टाकत निघाली. काठी टेकत जाणारे एक आजोबा तिला मागे टाकून गेले आणि जाताना म्हणाले, "लवकर बरं वाटू दे हो." पूल आला. बाकावर सर बसले होते. ती थांबली नाही, वळूनही बघितलं नाही, फक्त म्हणाली, "पाचवं मिनिट व्हायला बारा सेकंद कमी. बरोबर आहे ना?"

"अगदी बरोबर," बाक म्हणाला.

सहाव्या दगडाशी ती पोचली आणि समोरून घंटी वाजली. भिंगरीनं ब्रेक दाबला. दोघींनी घड्याळं बघितली. बारा मिनिटं. सेकंदाचाही फरक नाही.

"आत्या, तू यंत्र आहेस!" भिंगरी ओरडली.

जेवणानंतर दादानं वही पुढ्यात ओढली. आत्या समोर ताठ बसली होती. तिला भीती वाटत होती, पण खरं तर जराशी मजाही वाटत होती.

"सांग," दादा म्हणाला. "तूच सांग."

आणि आत्यानं सांगितलं. तीन हजार मीटर. तिचे पन्नास, सायकलचे दोनशे. "आता मी स्थिर आहे असं समज. माझ्या जागी उभं राहून बघ. रस्ता माझ्या पायाखालून मागे सरकतोय आणि भिंगरी अडीचशेच्या वेगानं माझ्याकडे येतेय. तीन हजार भागिले अडीचशे. बारा. बारा मिनिटांत मी सहाशे मीटर, ती दोन हजार चारशे. म्हणजे झालंच की!"

भिंगरीनं टाळ्या वाजवल्या. दादानं वाजवल्या नाहीत. तो वहीकडे बघत होता. मग त्यानं बोट ठेवत एकेक आकडा मोठ्यानं वाचला, सावकाश, आत्याच्या गुडघ्यापेक्षाही सावकाश.

"पन्नास. अडीचशे. बारा. सहाशे." त्यानं चष्मा काढला. "एकही दशांश नाही. खरा गुडघा असा चालत नाही. खरा गुडघा सत्तेचाळीस पूर्णांक तीननं चालतो. जगात एकच माणूस आहे जो खोटं बोलायलासुद्धा पूर्णांकच वापरेल. आणि 'म्हणजे झालंच की' हे त्याच्याशिवाय कोणी म्हणत नाही."

बिंग फुटलं. आत्याला वाटलं आता रडू येईल, पण आला तो राग.

"हो, त्यांनीच करून दिलं," ती म्हणाली. "माझा गुडघा ठणठणीत आहे. ती दहा मिनिटं अट्ठेचाळीस सेकंद मी त्यांच्याशेजारी बसते. त्यांनी मला विचारलंय, रविवारी उत्तर द्यायचंय, आणि मला हो म्हणायचंय. पण मला तुला सोडून हो म्हणायचं नाही, म्हणून गोगलगायीसारखी चालले आज!"

"त्यानं माझ्या गाडीचा वेग बदलला होता."

"तुझ्या त्या गाडीत मी बसले होते का?"

दादा उठला, खिडकीशी गेला, परत येऊन बसला. मग त्यानं वहीतल्या पहिल्या पानावर बोट ठेवलं. "दहा पूर्णांक एकाहत्तर. हे तुझं खरं होतं," तो पुटपुटला. "इतकी छान चालतेस आणि माझ्या भीतीनं लंगडलीस."

भिंगरीनं हळूच विचारलं, "बाबा, एक शंका. दोन माणसं समांतर फूटपाथवरून एकाच दिशेला सारख्या वेगानं चालली, तर त्यांच्यातलं अंतर कधी कमी होईल?"

"सापेक्ष वेग शून्य. कधीच नाही," दादा सवयीनं म्हणाला. मग त्यानं पोरीकडे रोखून बघितलं. "जा, झोप."

दुसऱ्या दिवशी आत्यानं दुकानातून लवकर सुट्टी घेतली आणि भिंगरीबरोबर गॅलरीत उभी राहिली. शाळा सुटली. ठरल्या वेळी कोपऱ्यावरून दोघं वळले, हे इकडून, ते तिकडून, नाकासमोर बघत. सरांच्या काखेत त्यांची लाल छत्री होती. आत्यानं गॅलरीचा कठडा घट्ट धरला. फळवाल्याच्या गाडीपाशी दादा अचानक थांबला.

सर चार पावलं पुढे गेले आणि गडबडले. इतकी वर्षं कोपऱ्यातून दिसणारी आकृती एकदम नाहीशी झाली होती. ते थांबले. मागे वळून बघितलं. दादा एका हातानं स्कूटर थांबवत रस्ता ओलांडत होता.

काय बोलणं झालं ते वर ऐकू आलं नाही. हातवारे मात्र दिसले. दादानं हवेत दोन गाड्या समोरासमोर आणल्या. सरांनी एका गाडीला मागे ढकललं. दादानं पुन्हा पुढे आणली. फळवाला आळीपाळीनं दोघांकडे बघत होता. शेवटी सरांनी दोन्ही हात वर केले, आणि दादा हसला. तो त्या माणसासमोर कधी हसेल असं आत्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

"भिंगरी, खरं सांग," ती म्हणाली. "तुला माहीत होतं?"

"आत्या, रस्ता सरळ आहे. लांबूनच पूल दिसतो," भिंगरी म्हणाली. "आणि छत्री लाल आहे."

सर वर आले ते दार उघडं असूनही बाहेरच थांबले. दादा म्हणाला, "अरे, ये की. आता काय आमंत्रणाचा पेपर काढू?" आत्यानं रविवारची वाट न बघता तिथंच, चपलांच्या स्टँडपाशी, हो म्हणून टाकलं. सर इतके गोंधळले की चष्मा काढून खुर्चीवर ठेवला, आणि त्यावर कोणी बसायच्या आत आत्यानं तो उचलला.

संध्याकाळी भोंगा वाजला. आत्या आपल्या खऱ्या चालीनं निघाली आणि सर तिच्या शेजारून. भिंगरी आज पोहायला गेलीच नव्हती. ती वही घेऊन गॅलरीत बसली होती आणि दादा तिच्या मागे उभा होता.

"शेवटचं गणित," ती म्हणाली. "आत्या ऐंशी. सर ऐंशी. एकाच दिशेला. वजाबाकी. उत्तर शून्य."

"शून्य?" दादा म्हणाला. "त्याच्यासारखं गुळगुळीत उत्तर. नीट मोज. काहीतरी दशांश असणारच."

"तुम्हीच बघा."

दादानं कठड्यावर कोपर टेकले. खाली दोघं दगडामागून दगड मागे टाकत चालले होते. आत्या काहीतरी सांगत होती आणि सर मान डोलावत होते. कोणी पाऊलभर पुढे नाही, कोणी मागे नाही. पूल आला तरी ती थांबली नाहीत. दादा ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

"शून्यच आहे," तो म्हणाला. "लिही."